जोरुरीतलं वैडूर्य

‘मादामा बटरफ्लाय’ या पुच्चिनीच्या ऑपेरात एक लहान मूल आहे. त्याला गायला एकही सूर दिलेला नाही आणि तरी शेवटचा सगळा अंक त्याच्याभोवती फिरतो. नाव दोलोरे, म्हणजे दुःख. नागासाकीची चो-चो-सान आपल्या अमेरिकन नवऱ्याची तीन वर्षं वाट पाहते, ती या मुलाला घेऊन. दिग्दर्शकांना या मुलानं कायम कोड्यात टाकलं आहे. खरोखर त्या वयाचं पोर आणावं, तर ते दिव्यांना आणि वाद्यांना बिचकतं. सात वर्षांचं आणावं, तर हिशेब जुळत नाही.

२००५ साली लंडनच्या कोलिसियममध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी हे नाटक बसवताना अँथनी मिंगेला यांनी मुलाच्या जागी बाहुलं आणलं. ‘ब्लाइंड समिट’ या बाहुलीनाट्य मंडळीचे तीन कलावंत, अंगभर काळे कपडे आणि चेहऱ्यावर काळा पडदा घेऊन, ते सर्वांदेखत चालवत होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा हंगाम याच प्रयोगानं उघडला. मी त्याचं चित्रमुद्रण पाहिलं तेव्हा पाच मिनिटांतच ती तीन माणसं दिसेनाशी झाली. आईकडे वळताना त्या लाकडी मानेला जो हलकासा झोल येतो, त्यानं माझा घसा दाटून आला.

ही तऱ्हा जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्याची. तिचं नाव कुठून आलं ते शोधायला बसलो आणि थेट आपल्या अंगणात येऊन पोचलो. हा लेख त्या वाटेचा.

‘बुनराकू’ हा शब्द अलीकडचा. आवाजी बेटावरून ओसाकाला येऊन बाहुल्यांचं थिएटर चालवणाऱ्या उएमुरा बुनराकुकेन याच्यावरून तो पडला. कलेचं जुनं नाव ‘निंग्यो जोरुरी’. निंग्यो म्हणजे बाहुली. १६८४ मध्ये ताकेमोतो गिदायू यानं ओसाकात आपलं नाट्यगृह काढलं, चिकामात्सुनं त्याला नाटकं लिहून दिली आणि १७३४ च्या सुमारास एका बाहुलीला तीन माणसं लागू लागली: एक डोकं आणि उजवा हात सांभाळणारा, एक डाव्या हाताचा, एक पायांचा. दोलोरेमागचे तीन काळे आकार ते हेच.

मला अडवलं ते ‘जोरुरी’नं. हे एका मुलीचं नाव आहे. मिकावा प्रांतातल्या याहागीच्या धनिकाला मूल होत नव्हतं. होराइजी इथल्या याकुशी बुद्धाला नवस केल्यावर मुलगी झाली, तिचं नाव जोरुरी ठेवलं. पुढे ती उशिवाका या तरुण वीराच्या प्रेमात पडते. ही कथा गाऊन सांगणाऱ्यांच्या तोंडी इतकी रुळली, की त्या गायनप्रकारालाच जोरुरी म्हणू लागले. शामिसेन या तंतुवाद्याची साथ मिळाली आणि बाहुल्या आल्या त्या शेवटी.

नवसाच्या मुलीचं नाव असं का? तर याकुशी म्हणजे आपला भैषज्यगुरू, औषधाचा बुद्ध. संस्कृतात त्याचं पूर्ण नाव भैषज्यगुरुवैडूर्यप्रभराज. पूर्वेकडच्या त्याच्या लोकातली जमीनच वैडूर्याची आहे. जपानीत त्या लोकाला ‘जो-रुरी’ म्हणतात: जो म्हणजे शुद्ध, रुरी म्हणजे वैडूर्य. रुरी हा शब्द चिनी ‘लिउली’वरून आला आणि लिउली आला प्राकृत ‘वेरुलिय’, पाली ‘वेळुरिय’ यांवरून. चिनी लिप्यंतरकारांनी आधी पूर्ण शब्द उतरवला. वापरता वापरता पुढचं अक्षर झडलं. म्हणजे ओसाकाच्या बाहुल्यांच्या नावात भारतातल्या रत्नाचं नाव बसलं आहे.

यावर पहिला आक्षेप रंगाचा. जपानी रुरी गडद निळा, म्हणजे लाजवर्द. आपल्याकडे वैडूर्य म्हणजे लसण्या, नवरत्नांतला, मांजराच्या डोळ्यासारखा; आणि युरोपीय अभ्यासक जुन्या ग्रंथांतलं वैडूर्य म्हणजे बेरिल धरतात, हिरवट-पोपटी. तीन दगड, एक नाव! पण मला यात अडचण दिसत नाही. व्यापारात नाव दगडापेक्षा लांब जातं. चीनमध्ये तर लिउली पुढे रंगीत काचेला आणि छपरांच्या चकचकीत कौलांनाही लागलं. त्या शब्दानं नेलं ते ‘मौल्यवान, पारदर्शी, तेजस्वी’ एवढंच.

दुसरा वाद मुळाचा. पाणिनी म्हणतो, विदूर गावावरून वैडूर्य. पतंजलीला तिथेच खटकलं: हा दगड निघतो वालवाय पर्वतात, विदूरात फक्त त्याला घडवतात. त्याचं उत्तर असं, की जसे व्यापारी वाराणसीला जित्वरी म्हणतात, तसे वैयाकरण वालवायाला विदूर म्हणतात. मला हे उत्तर सारवासारव वाटतं. नावाच्या ओढीनं गाव शोधलेलं दिसतं. काही भाषाशास्त्रज्ञ मूळ द्राविडी मानतात, फिकट-पांढुरक्या अर्थाच्या धातूत. बेरिल दक्षिणेत सापडतं, ‘वेळुरिय’मधला ळ तिकडचाच वाटतो, माझं मत याच बाजूला. संस्कृत रूप मग पंडितांनी मागाहून बेतलं असणार.

आता माझी आवडती गोष्ट. हाच ‘वेरुलिय’ पश्चिमेलाही गेला. ग्रीकांत तो ‘बेरुल्लोस’ झाला, लॅटिनमध्ये ‘बेरिलुस’, इटालियनमध्ये ‘बेरिल्लो’. त्यावरूनच जर्मन ‘ब्रिले’ म्हणजे चष्मा, कारण भिंगं आधी बेरिलची. इटालियन ‘ब्रिल्लारे’, चमकणं, हेही यातूनच आलं असं अनेक कोशकार मानतात. विरोधक त्याला ‘प्रिल्लारे’, गरगर फिरणं, याला जोडतात. पण अर्थ चमकण्याचा आहे आणि शब्दात रत्न समोर दिसतंय; गरगरण्याकडे वळायची मला गरज वाटत नाही. तेव्हा एका शब्दाची दोन लेकरं, एक पूर्वेला जपानात आणि एक पश्चिमेला इटलीत, कोलिसियमच्या मंचावर एकमेकांसमोर उभी राहिली: गाणं इटालियन वंशाचं, बाहुलं जोरुरी घराण्याचं.

हे मनाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण दोन कलांचं वयही एकच आहे. फ्लॉरेन्समध्ये पेरीचा ‘एउरिदिचे’ १६०० साली झाला. जोरुरी, शामिसेन आणि बाहुल्या एकत्र आल्या त्याच सुमारास. दोन्हींत कथा गळ्यातून येते. जोरुरीत तर बाहुली मुकीच असते, बाजूला बसलेला तायू, म्हणजे कथागायक, तिचा आवाज होतो. दोलोरेला पुच्चिनीनं मुकं ठेवलं आणि शंभर वर्षांनी त्याला जिथे मुकेपण हाच नियम आहे ते घर मिळालं.

बाहुल्याही भारतातूनच गेल्या का? १९०० मध्ये जर्मन पंडित पिशेल यांनी बाहुलीनाट्याचं माहेर भारत म्हणून सांगितलं, सूत्रधार या शब्दाच्या आधारे. विरोधक म्हणतात सूत्र हे मापाचं, सुताराच्या दोरीचं. कसंही असलं तरी बुनराकूतली बाहुली दोऱ्यांना लटकत नाही, हातांनीच चालते. म्हणून पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांशी त्याचं सरळ नातं मी जोडत नाही. आपलं गेलं ते नाव, आणि ते पुरेसं आहे.

पुढच्या वेळी सराफाकडे लसण्या पाहाल, तेव्हा त्याचं जुनं नाव एकदा मोठ्यानं म्हणा. त्याच नावाचा एक तुकडा धरून ओसाकाच्या राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृहात आजही तीन माणसं एका बाहुलीला जिवंत करतात.