माळ, माळढोक आणि आपल्या शाळा



रान म्हटले की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे ताडोबा नाही तर कोयनेचे खोरे उभे राहते. आपल्याकडे रान कुठले, नुसता माळ, असे आपण पाहुण्याला सांगतो. आणि माळ म्हणजे उजाड, हा अर्थ त्यात गृहीत धरतो. या एका गृहीताने आपले किती नुकसान केले आणि ते भरून काढण्यात शाळांचा वाटा कोणता, एवढेच आज मांडावयाचे आहे. मी वनशास्त्राचा पंडित नव्हे. यंत्रमाग व विडी कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले, आणि वाचन झाले ते कामाच्या फटीफटीतून. परंतु माणसे एखाद्या गोष्टीला आपली केव्हा म्हणतात व केव्हा तिच्याकडे पाठ फिरवतात, हे त्या कामाने शिकवले.

माळ उजाड नसतो. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते त्याचे धन. त्यांच्या आधारावर काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल जगतात. त्यांचा मानकरी माळढोक. उंची मीटरभर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतके जड थोडेच. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. या पक्ष्याला दाट झाडी नको. दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे गवत हवे.

गवतासाठी महाराष्ट्राने तुरुंगवास सोसला आहे, हे आपण विसरलो. १८७८ च्या वनकायद्याने राखीव रानातली चराई व गवतकाप सरकारच्या मर्जीवर गेली. जुलै १९३० मध्ये, सोलापूरचा मार्शल लॉ उठून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या रानात गवत कापून हा कायदा मोडला. गवताची एक पेंढी कापण्यासाठी माणसे तुरुंगात गेली, याचा अर्थ गवत ही त्यांच्या जगण्याची वस्तू होती.

स्वराज्य आले आणि १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. शाळाशाळांतून मुले रोपे लावू लागली. या उपक्रमाचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र त्यातून मुलांच्या मनात एक चुकीचा धडाही उतरला: जिथे झाड नाही तिथे काहीच नाही. मग माळ दिसला की खड्डे खणा, हा पुण्यमार्ग ठरला. गवताळ माळावर दाट झाडे लावणे म्हणजे माळढोकाचे घर मोडणे होय, हे त्या मुलांना सांगणार कोण?

सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकाकडे लक्ष वेधले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला होता. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार किती? सोलापूर व नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर! आपला सबंध सोलापूर जिल्हा सुमारे १४,८९५ चौरस किलोमीटरचा. म्हणजे शेते, गावे, बाजारपेठा यांसह सारा मुलूख कागदावर अभयारण्य झाला. जमिनीच्या व्यवहाराला अडचण, बांधकामाला अडचण. अखेर २०११-१२ च्या सुमारास ही हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. मधली तीस वर्षे शेतकऱ्याच्या घरात पक्ष्याचे नाव निघाले ते बहुधा रागानेच. त्या घरातल्या पोराने शाळेत पक्षिरक्षणाची शपथ घेतली, तरी ती संध्याकाळपर्यंत टिकेल काय? आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. साऱ्या देशात उरले आहेत ते सुमारे दीडशे. कायदा होता, पहारा होता. लोकांच्या मनातली जागा मात्र नव्हती. माळ नांगराखाली व उसाखाली जात राहिला.

याउलट केरळचे उदाहरण पाहा. सायलेंट व्हॅलीच्या रानात धरण होणार होते, तेव्हा १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी, ज्यांत शिक्षक पुष्कळ होते, तो प्रश्न लोकांपुढे नेला. वाद कडाक्याचा झाला. वीज हवी म्हणणारेही गरीबच होते. तरीही १९८३ मध्ये तो प्रकल्प सोडण्यात आला आणि पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. शिक्षक बोलता झाला की रानाला आवाज फुटतो, तो असा.

आपल्याकडेही साधने आहेत. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांतून शिकवण्याचा आदेश दिला. प्राथमिक वर्गांत परिसर अभ्यास आहे. २००१ पासून हरित सेनेच्या शाखाही निघाल्या. उणीव आहे ती त्यात आपला माळ येण्याची.

माझी मागणी तीनच गोष्टींची आहे. प्रत्येक शाळेने जवळचा एक माळ निवडावा आणि तिथली गवते, पाखरे व पाणी यांची नोंद मुलांनी वर्षानुवर्षे एकाच वहीत ठेवावी. झाडे जरूर लावावीत, पण रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात; गवताच्या माळावर नव्हे. आणि त्या माळावर मेंढरे चारणाऱ्या धनगराला वर्गात बोलावून मानाने बसवावे. गवत केव्हा उगवते, लांडगा कुठून येतो, मेंढरू गेले तर भरपाईला किती खेटे घालावे लागतात, हे मुलांनी त्याच्याच तोंडून ऐकावे. पक्ष्याची बाजू शिकवताना माणसाची बाजू झाकली, तर मुले ते ओळखतात.

संघटनेत हुकूम काढून कोणी सभासद होत नाही. त्याला काम सोपवावे लागते, हिशेब दाखवावा लागतो, त्याचे गाऱ्हाणे ऐकून घ्यावे लागते. मग तो स्वतःहून वर्गणी देतो. मुलांचेही तसेच आहे. माळढोकाच्या बाबतीत आपण फार उशीर केला. काळवीट, लांडगा आणि गवत अजून उरले आहे, आणि त्याच्या कडेला आपल्या शाळाही आहेत. त्या मुलांच्या हाती नुसते रोप न देता माळच द्यावा, एवढीच विनंती.