विद्युत एककांचे रूपांतरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही एकके पाठ्यपुस्तकात निसर्गनियमांइतकीच अढळ भासतात. ओहमच्या नियमाने एका राशीवरून दुसरी राशी काढताना या एककांची किंमत एकाच नावाखाली अनेकदा बदलली आहे, याची विद्यार्थ्याला सहसा कल्पना नसते. जुन्या नोंदीतील अँपिअर व आजचा अँपिअर तंतोतंत समान नाहीत. या भेदामागील कारणांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तारायंत्राची निकड

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोधाचे सर्वमान्य माप नव्हते. अनेक संशोधक स्वतःजवळील विशिष्ट तारेलाच प्रमाण मानीत. १८५८ मध्ये अटलांटिक महासागरात टाकलेली तार काही आठवड्यांतच निकामी झाली. समुद्रतळाशी पडलेल्या तारेतील दोषाचे स्थान किनाऱ्यावरून रोध मोजूनच अजमावता येते. त्यामुळे सर्वमान्य एकक ही व्यापाराचीही गरज बनली. १८६० मध्ये वर्नर सीमेन्स यांनी एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ प्रमाण म्हणून सुचविला. १८६१ मध्ये विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली. तिने गाउस व वेबर यांचा मार्ग स्वीकारला. विद्युत राशी लांबी, वस्तुमान व काल यांतूनच व्यक्त कराव्यात, असा हा मार्ग होता.

सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतील रोध व दाब यांची विद्युतचुंबकीय एकके मात्र व्यवहारासाठी फारच लहान होती. म्हणून ओहम हा मूळ एककाच्या शंभर कोटी पट आणि व्होल्ट दहा कोटी पट ठरला. या दोहोंच्या भागाकारातून अँपिअर हा मूळ प्रवाह-एककाचा एक दशांश झाला. १८८१ च्या पॅरिस परिषदेने या व्यवस्थेस मान्यता दिली.

एक नाव, अनेक किमती

व्याख्या निश्चित झाली, तरी ती प्रत्यक्षात उतरविणे कठीण होते. समितीने १८६० च्या दशकात तयार केलेले रोध-प्रमाणक सुमारे १.३ टक्क्यांनी कमी असल्याचे लॉर्ड रॅले यांच्या केंब्रिज येथील मापनांनी दाखविले. १८८४ मध्ये १०६ सेंटिमीटर पाऱ्याच्या स्तंभाचा ‘वैध ओहम’ आला. १८९३ च्या शिकागो परिषदेत ही लांबी १०६.३ सेंटिमीटर झाली. याच परिषदेने सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी जमा करणारा प्रवाह म्हणजे एक अँपिअर, असे ठरविले. १९०८ च्या लंडन परिषदेने या ‘आंतरराष्ट्रीय’ एककांना अधिक नेमके रूप दिले. चांदी व पारा कोणत्याही सुसज्ज प्रयोगशाळेला उपलब्ध होते, ही या पद्धतीची खरी सोय होती. मात्र त्यामुळे व्यवहारातील अँपिअर आणि सिद्धांतातील अँपिअर यांत सूक्ष्म अंतर राहिले.

१ जानेवारी १९४८ पासून ही आंतरराष्ट्रीय एकके मागे पडली. निर्वातात एक मीटर अंतरावरील दोन समांतर, अनंत लांबीच्या, नगण्य जाडीच्या तारांमध्ये मीटरमागे एका न्यूटनच्या पन्नास लाखाव्या भागाइतके बल निर्माण करणारा प्रवाह, अशी अँपिअरची व्याख्या झाली. सरासरी आंतरराष्ट्रीय ओहम १.०००४९ ओहम व आंतरराष्ट्रीय व्होल्ट १.०००३४ व्होल्ट ठरला. म्हणजेच आंतरराष्ट्रीय अँपिअर ०.९९९८५ अँपिअर होतो. जुन्या नोंदीतील १०० अँपिअर आज ९९.९८५ अँपिअर मानावे लागतात. वॅट मात्र उलट दिशेने सरकतो : जुना एक वॅट आजच्या १.०००१९ वॅटइतका आहे.

२० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचे मूल्य १.६०२१७६६३४ × १० चा उणे एकोणिसावा घात कूलंब असे निश्चित करून त्यावर अँपिअर आधारण्यात आला. १९९० पासून रूढ असलेल्या मूल्यांच्या तुलनेत व्होल्टमध्ये कोटीत सुमारे एक भाग आणि ओहममध्ये दहा कोटीत सुमारे दोन भाग एवढाच फरक पडला.

समारोप

रूपांतर गुणक हा केवळ गणिती आकडा नाही. सिद्धांताची शुद्धता व व्यवहाराची सोय यांत प्रत्येक पिढीने केलेल्या तडजोडीची ती नोंद आहे. म्हणूनच जुन्या मापनाचा उपयोग करताना एककाच्या नावाबरोबर त्याचे वर्ष पाहणेही तितकेच आवश्यक ठरते.