ऐकण्याचे शिक्षण

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या प्रत्येक शिक्षकाला 'सूक्ष्म अध्यापन' चांगलेच आठवत असेल. समोर पाच-दहा सहाध्यायी विद्यार्थी बनून बसलेले. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा मिनिटांचा पाठ आणि शेवटी पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे: प्रश्न विचारणे, फलकलेखन किंवा उद्दीपन बदल. हेच तंत्र जगभरच्या मानसिक समुपदेशकांच्या शिक्षणात पायाभूत ठरले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. दुःखी, गोंधळलेल्या माणसाचे बोलणे ऐकून घेण्याचे शिक्षण देता येते का? येत असेल तर त्याला किती काळ लागतो? या प्रश्नांचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे, आणि शाळेशी त्याचा संबंध पहिल्यापासून आहे.

सुरुवात बोस्टनमध्ये

१९०८ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स या समाजसुधारकाने 'व्होकेशन ब्युरो' उघडला. शाळा सोडून कामधंदा शोधणाऱ्या तरुणांना योग्य व्यवसाय निवडायला मदत करणे हा त्याचा हेतू होता. त्याची पद्धत तीन पायऱ्यांची होती: स्वतःला ओळखा, कामांची माहिती मिळवा आणि या दोहोंची तर्काने सांगड घाला. त्याच वर्षी पार्सन्स वारला. त्याचे पुस्तक १९०९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. १९११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात व्यवसाय मार्गदर्शनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे समुपदेशकाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले ते मनोविकारांसाठी नव्हे, नोकरीच्या निवडीसाठी.

योगायोग असा की १९०८ मध्येच क्लिफर्ड बीअर्स या तरुणाचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याने मनोरुग्णालयात काही वर्षे काढली होती आणि तिथे भोगलेले हाल त्यात नोंदवले होते. त्यातून मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली. पण या दोन वाटा बराच काळ वेगळ्या राहिल्या. नोकरीचा सल्ला शाळेत मिळे, तर मनाचे आजार डॉक्टरांच्या हाती असत.

बंद खोलीत काय घडते?

या वाटा जवळ आणण्यात कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १९४० मध्ये तो ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्यापूर्वी शिकाऊ माणसाचे पर्यवेक्षण कसे होत असे? तो सल्लार्थीशी बंद खोलीत बोले आणि मग आठवेल तसे टिपण लिहून वरिष्ठांना सांगे. वरिष्ठ त्या टिपणावर टीका करत.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही यातली अडचण लगेच दिसेल. मोजणारा आणि मोजला जाणारा एकच आहे, आणि मापनाची शहानिशा करायला दुसरे साधन नाही. आपण कुठे चुकलो हे ज्याच्या लक्षातच आले नाही, तो ते टिपणात कुठून लिहिणार?

रॉजर्सने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मुलाखतींचे ध्वनिमुद्रण सुरू केले. फितीचा टेपरेकॉर्डर तेव्हा हाताशी नव्हता. तबकड्यांवर मुद्रण करावे लागे आणि एक तबकडी काही मिनिटांतच भरे. म्हणून दोन यंत्रे ठेवून ती आळीपाळीने चालवायची. १९४२ च्या पुस्तकात रॉजर्सने एका सल्लार्थीच्या सगळ्या बैठका शब्दशः छापल्या.

बर्नार्ड कोव्हनर या त्याच्या विद्यार्थ्याने समुपदेशकांची टिपणे आणि मुद्रण ताडून पाहिले. लिहिलेले बरेचसे बरोबर होते. पण मुलाखतीत जे बोलले गेले त्यातला मोठा भाग टिपणात उतरलाच नव्हता. शिवाय मुद्रण ऐकताना शिकाऊ समुपदेशकांना स्वतःबद्दल अनपेक्षित गोष्टी कळू लागल्या. आपण ऐकतो आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात आपण सल्ला देतो, मध्येच तोडतो, किंवा शांतता सहन न होऊन नवा प्रश्न टाकतो. समुपदेशन ही त्या दिवसापासून तपासता येण्याजोगी गोष्ट झाली, असे म्हणायला हरकत नाही.

स्पुटनिकने घडवलेले समुपदेशक

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. आपण विज्ञानात मागे पडलो या भीतीने अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्यात विज्ञान, गणित आणि परकीय भाषांसाठी पैसा होताच. शिवाय हुशार मुले हेरून त्यांना विज्ञानाकडे वळवण्यासाठी माध्यमिक शाळांत मार्गदर्शक नेमायचीही तरतूद होती. हे मार्गदर्शक तयार करण्यासाठी विद्यापीठांत शिक्षकांकरिता उन्हाळी आणि वर्षभराचे वर्ग निघाले. कायद्याचा हेतू अग्निबाणांचा, पण त्यातून देशभर समुपदेशक घडवणारे पदव्युत्तर विभाग उभे राहिले.

पाच वर्षांनी, १९६३ मध्ये, सामुदायिक मानसिक आरोग्य कायदा झाला. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. त्यांना कोंडून ठेवण्याऐवजी गावोगावच्या केंद्रांत उपचार द्यावेत अशी ती कल्पना होती. ठरली तितकी केंद्रे कधीच उभी राहिली नाहीत. पण जी झाली त्यांना माणसे हवी होती. मनोविकारतज्ज्ञ थोडे होते आणि चिकित्सक मानसशास्त्रज्ञाला डॉक्टरेट लागे. शाळांसाठी काढलेल्या विभागांतले पदवीधर या केंद्रांकडे वळले. चिकित्सालयीन समुपदेशक हा नवा व्यवसाय असा जन्माला आला.

सूक्ष्म अध्यापनाची उसनवारी

आता प्रश्न होता तो एवढ्या लोकांना शिकवायचे कसे, हा. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी सूक्ष्म अध्यापन विकसित केले होते. कोलोरॅडो राज्य विद्यापीठात ॲलन आयव्हीने ते समुपदेशनाला लावले आणि १९६८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने निवडलेले पहिले कौशल्य होते 'लक्ष देणे'. त्याचे तीन घटक त्याने पाडले: नजर, बसण्याची ढब, आणि समोरच्याच्या बोलण्याचा धागा न सोडणे. शिकणाऱ्याची पाच मिनिटांची मुलाखत चित्रफितीवर घ्यायची, नमुना दाखवायचा, त्याची स्वतःची फीत त्याला दाखवायची आणि पुन्हा मुलाखत घ्यायची.

'सहानुभूती म्हणजे हावभावांची बेरीज का?' असा आक्षेप यावर घेतला गेला, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पाठाची सगळी कौशल्ये सुटी सुटी जमूनही वर्ग रंगत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. पण जे शिकवताच येत नाही असे मानले जाई, त्यातला निदान काही भाग शिकवता येतो, एवढे आयव्हीने दाखवले.

तासांचा हिशेब

पुढचा इतिहास मान्यतेचा आहे. १९७६ मध्ये व्हर्जिनिया राज्याने समुपदेशकांना परवाना देण्याचा पहिला कायदा केला. सर्वांत शेवटी, २००९ मध्ये, कॅलिफोर्नियाने केला. १९८१ मध्ये अभ्यासक्रमांना मान्यता देणारी स्वतंत्र परिषद स्थापन झाली. तिच्या २००९ च्या निकषांनुसार चिकित्सालयीन मानसिक आरोग्य समुपदेशनाच्या पदव्युत्तर पदवीला ६० श्रेयांक लागतात. शिवाय १०० तासांचा सराव, त्यात ४० तास प्रत्यक्ष सल्लार्थीबरोबर. मग ६०० तासांची उमेदवारी, त्यात २४० तास प्रत्यक्ष. या काळात दर आठवड्याला पर्यवेक्षण. पदवीनंतर परवान्यासाठी आणखी काम करावे लागते. कॅलिफोर्नियात ते ३००० तासांचे आहे.

हे आकडे आले कुठून? १०० तास पुरतात आणि ८० पुरत नाहीत, असा प्रयोग करून ते ठरलेले नाहीत. ते जाणकारांच्या एकमताचे आकडे आहेत. १९७९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात हॅन्स स्ट्रप आणि सुझॅन हॅडली यांनी एक अस्वस्थ करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. काही त्रस्त विद्यार्थी अनुभवी मानसोपचारकांकडे पाठवले, तर काही प्रेमळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पण मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या प्राध्यापकांकडे. दोन्ही गटांची सुधारणा सरासरीने सारखीच निघाली. गट लहान होते आणि त्रास फार तीव्र नव्हता, म्हणून 'शिक्षण निरुपयोगी' असा निष्कर्ष यातून निघत नाही. पण नेमके कोणते शिक्षण उपयोगी, हा प्रश्न मात्र उभा राहतो.

गोव्यातील उत्तर

हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात वेगवेगळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. प्रत्येकासाठी ६० श्रेयांकांचा समुपदेशक आणायचा म्हटले तर कित्येक पिढ्या वाट पाहावी लागेल.

गोव्यात 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने वेगळी वाट तपासली. मनोविकारशास्त्राची कोणतीही पदवी नसलेली स्थानिक माणसे निवडून त्यांना तीन आठवड्यांची कार्यशाळा आणि मग पर्यवेक्षणाखाली काही महिन्यांची उमेदवारी दिली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ बैठकांचा ठरावीक उपचार दिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रुग्णांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने केली होती. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले आढळले.

येथे नीट पाहण्याजोगी गोष्ट आहे ती पर्यवेक्षणाची. हे समुपदेशक आपल्या बैठकांचे ध्वनिमुद्रण करत आणि गटात बसून एकमेकांची मुद्रणे ऐकून त्यांना गुण देत. ओहायोतल्या तबकड्यांपासून गोव्यातल्या या गटांपर्यंत श्रेयांक बदलले, पदव्या बदलल्या, तास कमी-जास्त झाले; पण आपले ऐकणे दुसऱ्याने ऐकायचे, ही एक गोष्ट टिकून राहिली. ती टिकली म्हणून ती सिद्ध झाली असे नव्हे. तरी वेळ आणि पैसा थोडा असेल तर कशावर काट मारू नये, याचा अंदाज यातून येतो.

आपल्याकडे शाळांत समुपदेशक नेमण्याची चर्चा होते, तेव्हा ती बहुधा पदवी आणि पगार यांपाशी थांबते. नेमणुकीनंतर त्या व्यक्तीच्या कामाकडे दर आठवड्याला कोण लक्ष देणार, अवघड प्रसंगी ती कोणाला विचारणार, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. दोन-तीन दिवसांच्या शिबिरात शिक्षकालाच 'समुपदेशक' करून टाकणे तर फारच सोपे. गोव्यातल्या माणसांना पदवी नव्हती हे खरे, पण त्यांना एकटे सोडलेले नव्हते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणारे मूल तज्ज्ञाकडेच गेले पाहिजे, आणि ते ओळखून वेळेवर पाठवणे हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे. पुढच्या बैठकीत आपल्या शाळेत समुपदेशकाचा विषय निघाला, तर पदवीबरोबर पर्यवेक्षणाचाही प्रश्न जरूर विचारावा.