पत्री पुलाचा फोटो कुठे गेला?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण विषय आपल्या प्रत्येकाच्या खिशातला आहे. सवडीने वाचा.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात जुन्या कल्याण-डोंबिवलीचं छोटं फोटो प्रदर्शन लावायचं ठरलं. पत्री पुलाचे फोटो जमवायचं काम मी अंगावर घेतलं. १९१४ सालचा तो पूल. ऑगस्ट २०१८ मध्ये वाहतुकीला बंद झाला आणि १८ नोव्हेंबर २०१८ ला, रविवारी, मेगाब्लॉक घेऊन क्रेनने उचलला. त्या दिवशी बघ्यांच्या हातात मोबाइल होते. म्हटलं, फोटोंना काय तोटा!

ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवसांत साठेक फोटो आले. उघडून बघतो तर निम्मे तेच ते, फिरून फिरून आलेले. कडा फुटलेल्या, आकाशात चौकोनी डाग. त्यातल्या त्यात बरा निवडला, तर त्याची रुंदी १६०० पिक्सेल. ए-३ कागद १६.५ इंच रुंद, म्हणजे इंचाला जेमतेम ९७ ठिपके. चांगल्या छपाईला ३०० लागतात. प्रिंटवाल्याने फोटो बघितला आणि म्हणाला, "साहेब, ओरिजिनल नाही का?"

ओरिजिनल कोणाकडेच नव्हता. माझ्याकडेही नाही. मी स्वतः काढलेले फोटो ग्रुपवर टाकून "जागा खाताहेत" म्हणून फोनमधून उडवले होते.

तेव्हापासून फोटो हलका करण्याचा इतिहास शोधत बसलो. तो मोबाइलपेक्षा बराच जुना आहे.

रेल्वे ठाण्याला आली १८५३ मध्ये, कल्याणला १८५४ मध्ये. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यात होते. पण तेव्हाचा फोटो छापखान्यात छापता येत नसे. शाई एक तर लागते किंवा लागत नाही, करडा रंग आणायचा कुठून? म्हणून अल्बममध्ये खरे फोटो चिकटवायचे. १८८० च्या दशकात हाफटोन ब्लॉकची युक्ती रुळली. फोटोचे बारीक ठिपके करायचे. गडद जागी मोठे, फिकट जागी छोटे. डोळा ते ठिपके मिसळून घेतो आणि करडा रंग दिसतो. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचाला ६५ रेघांची जाळी पुरायची, आर्ट पेपरला १३३ ची. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. १९०८ मध्ये त्यांनी लोणावळ्याला एनग्रेव्हिंग आणि छपाईचा कारखाना काढला होता.

म्हणजे सूत्र तेव्हाच सापडलं होतं : डोळ्याला जे दिसत नाही, ते द्यायची गरज नाही.

पुढचा टप्पा आकड्यांचा. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येकाला ३ बाइट धरले तर ३६ एमबी. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. २८.८ च्या मोडेमवर असा फोटो पाठवायचा तर पावणेतीन तास. तेवढ्यात कल्याणहून स्लो लोकलने सीएसएमटीला जाऊन माणूस परत यायला लागेल.

हा प्रश्न सोडवणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. नासिर अहमद, मूळचे बेंगळुरूचे. अमेरिकेत प्राध्यापक असताना त्यांनी १९७२ मध्ये या कल्पनेसाठी सरकारी अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. कल्पना फारच सोपी आहे असा एका परीक्षकाचा शेरा होता. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. त्याच गणितावर १९९२ चं जेपेग मानक उभं आहे.

जेपेग करतं काय? आधी उजेड आणि रंग वेगळे करतं. डोळा उजेडातला बारीक फरक टिपतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. मग फोटोचे ८ बाय ८ चे चौकोन करून प्रत्येकात ढोबळ बदल किती, बारीक किती, ते मोजतात. ढोबळ नीट जपायचं, बारीक गोळाबेरीज करून टाकायचं. ३६ एमबीचे तीन-चार एमबी होतात आणि फरक कळतही नाही.

पण टाकलेलं परत येत नाही. वर्तमानपत्राच्या कात्रणावरून पुन्हा ब्लॉक केला की ठिपक्यांवर ठिपके येऊन नक्षी उमटायची. तसंच इथे. आपण फोटो टाकतो तेव्हा व्हॉट्सॲप लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. तो स्क्रीनशॉट काढून, कापून, वर "सुप्रभात" लिहून पुढे गेला की दर वेळी नवी गोळाबेरीज. आकाशातले चौकोनी डाग म्हणजे तेच ८ बाय ८ चे चौकोन.

आणखी एक गोष्ट जाते. मूळ फाइलमध्ये फोटोची तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही लिहिलेली असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळते. खड्ड्याचा, तुंबलेल्या नाल्याचा फोटो आपण तक्रारीला जोडतो. "कधीचा आहे?" असं समोरच्याने विचारलं तर दाखवायला काय उरतं? कागदपत्र हरवलं तर आपण हळहळतो. इथे आपणच ते पुसतो.

फोटो हलका करू नका असं मी म्हणत नाही. करायलाच लागतो. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना विचारा : आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. तिथे चूक ही होते की अख्खा १२ मेगापिक्सेलचा फोटो तसाच ५० केबीत कोंबतात आणि चेहरा मातीचा होतो. आधी फोटो कापून २०० बाय २३० पिक्सेल करा, मग क्वालिटी थोडी कमी करा. स्वच्छ येतो. अक्षरं असलेल्या स्क्रीनशॉटला जेपेगऐवजी पीएनजी ठेवा, अक्षरांच्या कडा फुटत नाहीत. ग्रुपवर महत्त्वाचा फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा जातो. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचा पर्यायही आहे, पण त्यातही थोडं दाबलं जातंच.

आणि मुख्य : हलकी करायची ती नक्कल. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर, हार्ड डिस्कवर, कुठेही, पण दोन ठिकाणी ठेवा. ब्लॉक करणाऱ्यांच्या काळातही वर्तमानपत्रात छापलेलं चित्र ही नक्कलच होती, निगेटिव्ह फोटोग्राफरच्या कपाटात असायची. आपण नक्कल ठेवली आणि निगेटिव्ह फेकली.

नवा पत्री पूल २५ जानेवारी २०२१ ला सुरू झाला. त्याचे भरपूर फोटो मिळतील. जुन्याचा एकही धड मिळाला नाही. प्रदर्शनात ती जागा मी रिकामी ठेवली आणि खाली फक्त नाव आणि सालं लिहिली.

तुमच्यापैकी कोणाच्या जुन्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये जुन्या पुलाची मूळ फाइल असेल तर कळवा. आणि हो, डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.