मोहाखालची राख

बोरगावहून सौंसरमार्गे छिंदवाड्याला निघालं की सिल्लेवानीचा घाट लागतो. लहानपणी चैत्रात रात्रीच्या मोटारीने येताना डोंगरावर तांबडी रेघ सरकताना दिसायची. मी विचारायची, “आई, तिथे दिवाळी आहे का गं?” आई म्हणायची, “वणवा आहे तो. हात जोड. किती जीव जात असतील!”

सातपुड्यातले वणवे बहुतेक माणसाच्याच हातचे. उन्हाळ्याच्या तोंडी मोह गळतो. वाळल्या पाल्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. वारा सुटला की आग डोंगर चढते. मोठी झाडं बरेचदा तगतात. पण कोवळी रोपं, जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी, सरपटणारे जीव जळून जातात. उघड्या पडलेल्या उताराची माती पहिल्याच पावसात नाल्याला मिळते.

पचमढीच्या पायथ्याचं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं. मध्य प्रांताचे पहिले वनसंरक्षक पिअर्सन यांनी त्याच सुमारास तिथे वणवे रोखायला सुरुवात केली. पुढे जाळरेषा आल्या, राखणदार आले. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा ठरवला. दोष मात्र नेहमी गोंड-कोरकूंच्याच माथी आला. रेल्वेच्या स्लिपरांसाठी याच काळात साग-साल तोडले गेले, त्याबद्दल कुणी त्यांच्याइतकं बोललं नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. आजोबांच्या दुकानात मोह विकत घेत. फुलांत पाला-माती दिसली की भाव उतरायचा. एकदा एक म्हातारी म्हणाली, “शेटजी, जाळल्याबिगर साफ फूल आणू कुठून?” आजोबा गप्प राहिले. भाव मात्र तोच राहिला.

मैत्रिणींनो, श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘दवदान’ आहे, म्हणजे रानाला आग लावणं. आमच्या घरात कुणी काडी ओढली नाही, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण साफ फुलाला जास्त भाव आम्हीच देत होतो ना?

आता मध्य प्रदेशात काही ठिकाणी मोहाखाली जाळी बांधतात. फूल जाळीतच पडतं, स्वच्छ राहतं, पाला पेटवावा लागत नाही. इतका साधा उपाय! आजोबांनी त्या म्हातारीला एखादं जुनं लुगडं अंथरायला दिलं असतं, तरी पुष्कळ झालं असतं.

त्या आगीत आमच्या तराजूचाही वाटा होता, एवढं इथे लिहून ठेवते.