भट्टीची नळी

आमच्या घरी कल्हईवाला येई तेव्हा आजी स्वतः अंगणात येऊन उभी राहत असे. भाता फुंकला जाऊ लागला, नवसागराचा धूर उठला, की आम्ही मुले खोकत मागे सरत असू. आजी मात्र जागची हलत नसे. पातेले पांढरेशुभ्र होऊन पाण्यात चरचरले, की ती ते उचलून एका धुवट फडक्याने आतून खसाखसा पुशी आणि फडके उजेडात धरून बघे. त्यावर करडा डाग उठला तर कल्हईवाल्याची धडगत नसे. "कथलात शिसं मिसळलंस होय रे?" हा तिचा ठरलेला प्रश्न. शिसे स्वस्त, लवकर वितळते, आणि कथलात मिसळले तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पण ते मऊ असल्यामुळे घासले की कापडावर रेघ उमटते. आजी शाळेत गेली नव्हती. तरी हे तिला ठाऊक होते.

पुढे इतिहास शिकवू लागल्यावर एका अगदी वेगळ्या भांड्याच्या संदर्भात आजीच्या ह्या फडक्याची मला वारंवार आठवण झाली. ते भांडे म्हणजे दारू गाळण्याची तांब्याची भट्टी. वाचकहो, दचकू नका. भट्टी कशी लावावी हे सांगण्याचा माझा उद्देश नाही. आपल्याकडे परवान्यावाचून तसे करणे हा गुन्हा आहे. मला सांगायचे आहे ते तिच्या नळीविषयी आणि नळीच्या सांध्याविषयी. इतिहासाच्या पुस्तकांत राजे असतात, लढाया असतात, करही असतात; पण सांध्याला जागा नसते. आणि ह्या एका सांध्याने किती माणसे लुळी केली, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते.

प्रथम नळीची जन्मकथा पाहू. इ. स. ३०० च्या सुमारास इजिप्तमध्ये झोसिमस नावाचा एक किमयागार होऊन गेला. त्याने आपल्या आधीच्या मारिया नावाच्या यहुदी विदुषीची कृती नोंदवून ठेवली आहे. ती वाचताना एखादी सुगरण पाककृती सांगते आहे असे वाटते. लवचीक तांब्याच्या तीन नळ्या करा, पत्रा हलवायाच्या तव्याहून जरासा जाड असू द्या, लांबी सुमारे दीड हात; त्या टोपाला झाळून पक्क्या करा, टोप मातीच्या भांड्यावर बसवा आणि सांधा कणकेने लिंपून घ्या. अशी ती कृती. मारियाला गाळायचा होता गंधक, दारू नव्हे. पण घरच्या घरी तांब्याचे जोड कसे करावेत ह्याची इतकी जुनी आणि इतकी नेमकी हकीकत मला तरी दुसरी माहीत नाही. आपल्याकडच्या रसशास्त्राच्या ग्रंथांतही तिर्यक्पातन यंत्र आहे. तेथेही दोन घडे तिरप्या नळीने जोडून सांधे लिंपून बंद करावयाचे असतात. कणीक काय, माती काय, काम एकच. वाफ बाहेर पडू नये, आणि आत दाब फार वाढलाच तर आधी लिंपण फुटावे, भांडे फुटू नये.

मद्यार्क गाळण्याची विद्या युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास रुळली. तेराव्या शतकात बोलोन्याचा वैद्य ताद्देओ आल्देरोत्ती ह्याने नागमोडी नळीचे वर्णन केले. सरळ नळीत वाफ पुरती निवत नाही. नळीला वेटोळी देऊन ती थंड पाण्याच्या पिंपात बुडविली, की तेवढ्याच जागेत वाफेला लांब वाट चालावी लागते आणि टोकाशी थेंब पडू लागतात. युक्ती साधी, पण तिने कारागिराचे काम फार कठीण करून ठेवले.

ते कसे, हे तांबटाला विचारावे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही मठारकामाचे ठोके ऐकू येतात. तांबे ठोकता ठोकता कडक होते. मग ते लाल तापवून पाण्यात बुडवितात आणि ते पुन्हा मऊ पडते. लोखंडाचे ह्याच्या उलट. (पोलाद असे बुडविले तर ते कडक होते, हे शाळेत शिकलेले आपल्याला आठवत असेल.) तांब्याचा पत्रा ठोकून हंडा करता येतो, बंब करता येतो. पण आठ-दहा हात लांबीची वेटोळी नळी? आजच्यासारखी कारखान्यात ओढून काढलेली अखंड नळी तेव्हा नव्हती. पत्र्याची पट्टी सळईभोवती वळवायची, तिची लांबच लांब कड पितळी झाळेने झाळायची, तुकड्याला तुकडा जोडायचा, आणि मग ती चेपू नये म्हणून आत वाळू किंवा तत्सम काही भरून हळूहळू वाकवायची. एक शीर सुटली तर सारी मेहनत पाण्यात, आणि ती अक्षरशः पाण्यात, कारण नळी पिंपात असते.

मग एवढी यातायात कशासाठी? तांब्यासाठीच. तांबे उष्णता झटकन वाहून नेते, हे एक कारण. दुसरे असे, की आंबोणात गंधकाची जी दुर्गंधी द्रव्ये तयार होतात ती तांब्याला चिकटून बसतात आणि दारूत उतरत नाहीत. तांब्याचा दोष म्हणाल तर तो उघड आहे. ताक तांब्याच्या भांड्यात ठेवले तर कळकते हे आपल्या घरात कुणालाही ठाऊक असते. हिरवट थर डोळ्यांना दिसतो, जिभेला लागतो. तांबे लपूनछपून काही करीत नाही.

शिसे करते. तांबे वितळायला हजाराहून अधिक अंश उष्णता लागते, शिशाला ३२७ पुरते. शिशाची नळी ओतता येते, हाताने वाकविता येते, सांध्याची कटकट नाही आणि किंमत थोडी. घाईच्या धंद्याला ह्याहून सोयीचे काय? पण भट्टीतून वाफेबरोबर थोडेसे आम्लही येते, तेच शिरक्यातले आम्ल. ते शिशाला खाते, आणि त्यातून होणारा क्षार चवीला गोड असतो. कळकलेले ताक आपण थुंकून टाकतो. ह्या विषाला थुंकावे असे कुणाला वाटत नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रांतात वेस्ट इंडीजच्या मळीपासून रम गाळण्याचा धंदा जोरात होता. ही रम दक्षिणेकडे नॉर्थ कॅरोलायनात जाई. तेथून ओरड सुरू झाली, की तुमच्या रमने आमच्या माणसांना पोटात असह्य कळा येतात आणि हातापायांतील शक्ती जाते. भट्ट्यांची तपासणी झाली. काही भट्ट्यांचे टोप आणि नळ्या शिशाच्या निघाल्या. डॉक्टरांनी दुखण्याचे मूळ तेथेच असल्याचे मत दिले, आणि १७२३ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने शिशाचे टोप व नळ्या वापरण्यास दंडाची तरतूद करून बंदी घातली. दारूवर कर बसविणारे कायदे त्यापूर्वी पुष्कळ झाले होते. पण भट्टीच्या नळीकडे वाकून पाहणारा, ती कशाची आहे असे विचारणारा हा कायदा मला तरी फार मोलाचा वाटतो.

ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली ती बेंजामिन फ्रँकलिनमुळे. बोस्टनमध्ये लहानपणी त्याने ही चर्चा ऐकली होती. पुढे लंडनच्या छापखान्यात काम करताना एका म्हाताऱ्या कामगाराने त्याला सावध केले, की शिशाचे खिळे विस्तवावर गरम करून जुळवू नकोस, हात निकामी होतील. १७८६ साली, म्हातारपणी, एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सारे मांडले. शिशाचा हा गुण साठांहून अधिक वर्षे माहीत आहे, आणि तरी लोक अजून सावध नाहीत, हे त्याला खटकत होते.

त्याचे खटकणे रास्त होते. मधल्या काळात १७६७ साली जॉर्ज बेकर ह्या इंग्रज डॉक्टरने दाखवून दिले होते, की डेव्हन परगण्यातील सफरचंदाची दारू पिणाऱ्यांचा पोटशूळ हा रस काढण्याच्या यंत्रांतील शिशामुळे होतो. तेथील बागवाल्यांना हे मुळीच रुचले नाही. जमेकात इंग्रज सैन्याचा डॉक्टर जॉन हंटर ह्याने शिपायांच्या अशाच पोटशूळाचे मूळ रममधील शिशात शोधले आणि १७८८ साली तसे छापून प्रसिद्ध केले.

शिपायांचे दुखणे निदान कागदावर तरी आले. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचे काय? मालक त्यांना शिध्याबरोबर रम देत; नवी, हलकी, हातात येईल ती. त्यांच्या कळांची नोंद कोण ठेवणार? ती नोंद त्यांच्या हाडांनी ठेवली. बार्बाडोस बेटावरील न्यूटन नावाच्या मळ्यात गुलामांची दफनभूमी सापडली. तेथील सांगाड्यांचे रासायनिक परीक्षण झाले, त्याचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. हाडांत शिशाचे प्रमाण फार मोठे होते. शिसे शरीरात शिरण्याच्या वाटा अनेक असतात हे खरे. तथापि संशोधकांचा मुख्य रोख रमवरच होता. फ्रँकलिनच्या पत्राला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे झाली होती. आणि त्याच वर्षी अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिशाची झाळ लावण्यास बंदी केली! म्हणजे रमच्या नळीला जे १७२३ साली लागू झाले, ते पाण्याच्या नळीला लागू होण्यास दोनशे त्रेसष्ट वर्षे लागली.

मधल्या काळात तेथे आणखी एक प्रकार घडला. १९२० ते १९३३ ह्या दारूबंदीच्या वर्षांत, आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, चोरून गाळणाऱ्यांना तांबटाकडे जाण्याची सोय नव्हती. मोटारीचा जुना रेडिएटर मात्र भंगारात सहज मिळे. आत बारीक नळ्यांचे जाळे, वाफ निवविण्यास आयतेच. पण रेडिएटरचे सांधे शिशाने झाळलेले. कथील-शिशाची झाळ १८३ अंशांच्या आसपास वितळते, मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो. म्हणजे सांधा सुटण्याची भीती नाही, सारे ठाकठीक दिसते. दक्षिणेकडील इस्पितळांत मग झटके येणारे, रक्त कमी झालेले, सांधे सुजलेले रोगी येत राहिले. आपल्याकडील हातभट्टीच्या बातम्या वाचताना आपण विषारी मद्यार्काबद्दल ऐकतो, आणि ते योग्यच आहे. नळीबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

न्यूझीलंड देशाने १९९६ च्या कायद्याने स्वतःपुरते घरी गाळण्याची मोकळीक दिली. विकायचे मात्र नाही. त्यामुळे तेथे हा चक्क छंद झाला आहे. सुटीच्या दिवशी माणसे घरामागच्या खोपटात तांब्याची नळी तापवितात, वाळू भरून वाकवितात, जोड बसवितात. झाळ घेताना ती शिशाविरहित आहे ना, हे वेष्टणावर वाचून घेतात. नळी अखंड मिळते, तांबट लागत नाही. आणि टोपाच्या सांध्यातून वाफ निसटू लागली तर त्यांच्यातले कित्येकजण घरात जातात, पीठ-पाणी कालवून आणतात आणि बोटाने लिंपतात.