विमानाने मागितलेला संगणक : फ्लाइट सिम्युलेटर आणि यंत्रनिवडीचा इतिहास

१/ घरच्या संगणकावर विमान उडवू पाहणाऱ्याला पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो : परवडेल तेवढे महाग ग्राफिक्स कार्ड घ्या. तो सल्ला मानून पैसे मोजलेल्या कित्येकांना, विमान एखाद्या मोठ्या शहराच्या धावपट्टीकडे झुकताच, दृश्य अडखळत पुढे सरकताना पाहावे लागले आहे. या अडखळण्याला बराच जुना इतिहास आहे.

२/ आरंभ संगणकाच्याही आधीचा. अमेरिकेतील बिंगहॅमटन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील भाते आणि झडपा वापरून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास हवेच्या दाबावर डुलणारे एक खोटे विमान उभारले. प्रथम ते करमणुकीच्या उद्यानांतच अधिक रमले. १९३४ मध्ये टपाल वाहून नेण्याचे काम सैन्याकडे आले आणि केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसलेले तरुण वैमानिक धुक्यात व रात्री प्राणास मुकू लागले. त्याच वर्षी सैन्याने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली.

३/ १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एमआयटीकडे निरनिराळ्या विमानांचे वर्तन हुबेहूब दाखवणारा सिम्युलेटर मागितला. जे फॉरेस्टर यांच्या चमूने आधी ॲनालॉग यंत्राचा विचार केला, मग तो सोडून अंकीय संगणकाची वाट धरली. त्यातून ‘व्हर्लविंड’ जन्मला. त्याच्या वेगाच्या भुकेपोटी चुंबकीय कोअर स्मृती प्रत्यक्षात आली आणि १९५३ मध्ये त्यात बसवली गेली. ज्या विमानासाठी हा सारा खटाटोप आरंभला, तो सिम्युलेटर मात्र कधीच पूर्ण झाला नाही!

४/ व्हर्लविंडची अडचण समजली की पुढचे सारे समजते. पगारपत्रकाचे गणित दहा मिनिटे उशिरा आले तरी बिघडत नाही. विमानाचे गणित उशिरा आले तर ते चुकलेच म्हणायचे, कारण वैमानिकाने दांडा ओढलेला असतो आणि विमानाने तत्क्षणी नाक उचलले पाहिजे. शिवाय या गणिताला क्रम आहे. आधी पंखांवरचे बल, त्यावरून वेग, वेगावरून स्थान आणि स्थान कळल्यावरच खिडकीतले दृश्य. एक पायरी झाल्याखेरीज पुढची चढता येत नाही.

५/ इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक यांनी १९७५ मध्ये आपल्या प्रबंधातून दाखवले की असे दृश्य लहान संगणकालाही रेखाटता येईल. १९८० च्या सुमारास त्यांचा सिम्युलेटर ॲपल-२ वर आला. त्यातील ६५०२ प्रोसेसर सुमारे १ मेगाहर्ट्झचा. त्याला गुणाकाराची स्वतंत्र आज्ञासुद्धा नव्हती. सेकंदाला मोजकीच चित्रे उमटत आणि डोंगर म्हणजे चार रेघा. तरीही लोक तासन्‌तास उडत राहिले.

६/ १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा सिम्युलेटर ४.७७ मेगाहर्ट्झच्या आयबीएम पीसीवर आणला. आरंभ शिकागोच्या मेग्ज फील्डवरून होई. वेगासाठी हा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टमला बाजूला सारून थेट यंत्राशी बोले. म्हणून आयबीएमची नक्कल करणाऱ्या संगणकांची परीक्षा लोटस १-२-३ आणि फ्लाइट सिम्युलेटर चालवून घेतली जाऊ लागली. येथे यंत्राची निवड सिम्युलेटरच करीत होता.

७/ १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत जमिनीला पोत आला आणि १९९७ मध्ये त्रिमिती कार्डांचा आधार मिळाला. ‘कार्ड घ्या, विमान उडेल’ ही समजूत रुजली ती याच काळात, आणि तेव्हा ती निराधारही नव्हती.

८/ खरा घोटाळा २००६ मध्ये झाला. फ्लाइट सिम्युलेटर एक्सची आखणी झाली तेव्हा प्रोसेसरचे घड्याळ दरसाल वेगवान होत जाणार, हे गृहीत होते. आज जड वाटणारा प्रोग्राम दोन वर्षांत हलका वाटेल, असा तो जुगार होता. आधीच्या आवृत्त्यांना तो लाभलाही होता.

९/ परंतु पेंटियम ४ चे घड्याळ ३.८ गिगाहर्ट्झपाशी अडले. उष्णता आवरेना. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडला आणि उद्योग एकाच चिपवर अनेक कोअर बसवण्याकडे वळला. एफएसएक्सचे मुख्य काम मात्र एकाच कोअरवर चाले. नव्या कोऱ्या यंत्रात दुसरा कोअर जवळजवळ रिकामा आणि पहिला घामाघूम! २००७ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने भूदृश्याचे काही काम इतर कोअरवर सोपवले. विमानाच्या गणिताची रांग होती तशीच राहिली.

१०/ दुसरी भिंत स्मृतीची. ३२ बिटच्या प्रोग्रामला ४ गिगाबाइटपलीकडे पाहता येत नाही. दीर्घ उड्डाणानंतर नेमके उतरताना प्रोग्राम कोसळे आणि मालकाने १६ गिगाबाइट बसवलेली असली तरी उपयोग शून्य. हा जाच ६४ बिटच्या आवृत्त्यांनी संपवला : २०१३ मध्ये एक्स-प्लेन १०, २०१७ मध्ये प्रीपार३डी.

११/ २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने सारी पृथ्वी इंटरनेटवरून घरात आणली. रांग मात्र उरलीच; तिला आता ‘मेन थ्रेड’ म्हणतात. २०२२ मध्ये एएमडीचा ५८००एक्स३डी आला. त्याचे घड्याळ त्याच घराण्यातील ५८००एक्सपेक्षा मंद होते, पण प्रोसेसरलगतची एल३ कॅश ९६ मेगाबाइट. माहितीसाठी दूरच्या रॅमपर्यंतच्या खेपा कमी झाल्या आणि सिम्युलेटरवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतले.

१२/ म्हणून खरेदीचा क्रम असा : आधी एका कोअरचा वेग आणि मोठी कॅश, मग ३२ गिगाबाइट रॅम व एसएसडी, आणि कार्ड आपल्या पडद्याच्या रेझोल्यूशनला शोभेल एवढेच. ४के पडदा किंवा व्हीआर असेल तर कार्डाचे वजन अर्थातच वाढते.

१३/ जुन्या यंत्राची परीक्षा फुकट होते. मोठ्या विमानतळावर उभे राहून रेझोल्यूशन निम्मे करावे. चित्रांची गती वाढली, तर अडथळा कार्डात होता. वाढली नाही, तर प्रोसेसरच्या दारात रांग लागलेली आहे आणि नवे कार्ड ती हलवू शकणार नाही.